टाकीच्या तोंडाशी

नव्या तुकडीच्या पहिल्या दिवशी ऋतुजा मगदूम वर्गात शिरली आणि दारातच थबकली. पहिल्या बाकावर तिची सख्खी धाकटी बहीण मयूरी बसली होती. मयूरीचा नवरा प्रशांत याच्या तेराव्यानंतर दोघींची गाठ पडली नव्हती, आणि तेराव्याच्या दिवशीही मयूरीने त्याच्या फोटोसमोरून उठून ऋतुजाच्या हातचा पाण्याचा पेला घेतला नव्हता.

"या मॅडम, या," मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं. "आम्हाला वाटलं, आमच्याआधी तुम्हालाच झोप लागली."

वर्ग हसला. कृष्णाकाठच्या त्या कम्युनिटी कॉलेजात वेल्डिंग, वायरिंग, बॉयलर असे पुष्कळ अभ्यासक्रम चालत. पण आसपासच्या साखर कारखान्यांतून माणसं धाडली जात ती औद्योगिक सुरक्षेच्या वर्गाला, आणि त्यातही 'झोपेच्या तासा'ला. हे नाव कामगारांनीच पाडलेलं. कॉलेजात जाऊन झोपायचं आणि प्रमाणपत्र घेऊन घरी यायचं, हा विनोद प्रत्येक तुकडीला आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असं वाटायचं.

ऋतुजाने हजेरी घेतली. मयूरीच्या नावापुढे कामाचा विभाग लिहिलेला होता: डिस्टिलरी, टाकीवरचा पहारा.

तास सुटल्यावर तिने बहिणीला व्हरांड्यात गाठलं.

"तुला टाइम ऑफिसात, हजेरीच्या कामावर घेणार होते ना?"

"घेणार होते. मीच नको म्हटलं."

"मयू, अगं टाकीवरच कशाला?"

"अनुकंपा म्हणजे नवऱ्याच्या जागी ना? तो टाकीवर होता, मी टाकीवर."

"तो आत उतरायचा. तुझं काम बाहेर उभं राहायचं आहे."

"हां," मयूरी म्हणाली. "उभं कसं राहायचं तेच शिकायला आलेय, आक्का. तू म्हणे फार चांगलं शिकवतेस."

दारू गाळून झाल्यावर जे काळं सांडपाणी उरतं ते डिस्टिलरीच्या मोठाल्या बंद टाक्यांत कुजवतात. त्यांच्या तळाशी गाळ साचतो आणि हंगामात एकदा तरी तो उपसावा लागतो. त्यासाठी यंत्रमानव आणून झाले होते. ते गाळात रुतून बसले, आणि त्यांना बाहेर काढायला शेवटी माणसंच उतरली. या गाळातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. थोडा असला तर सडक्या अंड्यांचा वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं. वास गेला, आता हवा चांगली झाली, असं माणसाला वाटतं, आणि दोन-चार श्वासांत तो कोसळतो. वरून दुसरा बघतो. आत पडलेला त्याचा भाऊ असतो, मेहुणा असतो, रोज एका डब्यात जेवणारा सोबती असतो. तो उडी घेतो. त्याच्यामागून तिसरा. अशा टाक्यांतून काढलेल्या प्रेतांत पुष्कळदा पहिला एकच कामासाठी उतरलेला असे, बाकीचे त्याला वाचवायला.

मास्क असल्याशिवाय उतरायचं नाही, हे सगळ्यांना पाठ होतं. परीक्षेत कोणीही चुकत नसे. पण पाठ केलेलं मेंदूत जिथे साठतं तिथून निर्णय यायला वेळ लागतो, आणि टाकीच्या तोंडाशी तेवढा वेळ नसतो. तिथे शरीरच ठरवतं. म्हणून मग शरीरालाच शिकवायचं ठरलं.

तास असा असे. माणसाला खाटेवर निजवायचं, डोळ्यांवर चष्मा चढवायचा. चष्म्यात टाकीचं उघडं तोंड आणि तळाशी पडलेला माणूस दिसे. नाकापाशी त्या वासाचा निरुपद्रवी अंश सोडला जाई. त्याच क्षणी डोक्यावरच्या टोपातून अल्ट्रासाउंडच्या लहरी, सोनोग्राफीतल्यासारख्याच पण एका बिंदूवर एकवटलेल्या, मेंदूतल्या बदामाएवढ्या गाठीवर पडत. भीती तिथे मुक्कामाला असते. असं काही वेळा झालं की माणसाला झोपू द्यायचं आणि गाढ झोपेत तोच वास पुन्हा हलकेच सोडायचा. दिवसभरात जे शिकलं ते झोपेत मेंदू घोळवून पक्कं करतो. वासाने त्याला सांगायचं की आज हे घोळव. उठल्यावर माणसाला काही वेगळं वाटत नसे. चहा पिऊन तो घरी जाई. फक्त यापुढे टाकीच्या तोंडाशी, तो वास आणि आत पडलेला माणूस एकत्र आले की त्याचे पाय उचलत नसत.

ज्या कारखान्यांनी हा तास सक्तीचा केला तिथे एकामागून एक माणसं मरणं थांबलं. ऋतुजाला या कामाचा अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

एक मात्र होतं. सुरुवातीच्या चाचण्यांत मास्कची सवलत ठेवलेली होती: तोंडावर मास्क असला तर भीती वाटू नये, असा दुसरा पाठ द्यायचे. तो बंद करा, असा अहवाल ऋतुजानेच दिला होता. इथली माणसं पिढ्यान्पिढ्या तोंडाला ओला पंचा बांधून टाकीत उतरत आली होती. पंचाने धूळ अडते, हा वायू अडत नाही. पण नाकातोंडावर काहीतरी आवळून बसलं की मेंदू त्यालाच मास्क समजे. चाचणीत माणसं ओला पंचा बांधून शांतपणे शिडी उतरली होती. म्हणून सवलत काढून टाकली. मास्क असो नसो, पाय उचलायचा नाही. आत जायचं ते बचाव पथकाने, आणि पथकाला हा तास द्यायचा नाही.

प्रशांत टाकीत पडला तेव्हा तोंडाशी पहाऱ्यावर त्याचा सोबती नवनाथ शेंडगे होता. त्याने इशारा दिला, दोर टाकला, सगळं शिकवल्याप्रमाणे केलं. बचाव पथकाची गाडी निघालीही, पण हंगाम ऐन भरात होता आणि कारखान्याच्या फाटकापासून उसाच्या, चालकाविना चालणाऱ्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. माणूस असता तर शिव्या खाऊन बाजूला तरी झाला असता. ती यंत्रं आपापला क्रमांक सोडेनात. तोवर नवनाथने पथकाच्या खोलीतला हवेच्या नळीचा मास्क आणून तोंडाला लावला होता. तो तसाच उभा राहिला. मागे आणखी दोघे होते, तेही उभे राहिले. तिघेही जिवंत राहिले. प्रशांत राहिला नाही.

नवी तुकडी सुरू झाल्यावर दोन दिवसांनी नवनाथ कॉलेजात आला. वर्कशॉपच्या शेडमध्ये वेल्डिंगचे कुंभार सर मुलांवर ओरडत होते, त्या गोंगाटात तो ऋतुजासमोर चप्पल काढून उभा राहिला.

"चप्पल कशाला काढलीस? बस."

"नको मॅडम. मयूरीवैनी इथं आल्यात म्हणं?"

"आली आहे."

"त्यांच्या सासूबाईंनी पोलिसांत विचारलंय. मास्क असून उतरला नाही म्हणजे हयगय, बायकोनं तक्रारीवर सही केली की गुन्हा घेऊ म्हणालेत. वैनी अजून सही करीनात." तो थोडं हसला. "गावात निकाल लागलाच आहे. काल मोटारसायकलच्या आरशाला बांगड्या अडकवल्या होत्या कोणी. मापाच्या तरी आणायच्या, मॅडम. मनगटात शिरंनात."

ऋतुजाने स्टूल त्याच्याकडे सरकवलं. तो बसला नाही.

"मास्क चढवला होता बघा," नवनाथ म्हणाला. "नळीतनं गार हवा येत होती. पाय उचलला, आन् पोटातनं कोणीतरी मागं ओढलं. तो दिसत होता मला. मी हाका मारत होतो, मास्कातनं आवाजसुद्धा जाईना. एवढंच सांगा मला. त्या उभं राहण्यात माझं किती आणि तुमचं किती?"

"ते सांगता येत नाही, नवनाथ. मोजायचं साधन नाही."

"घालायचं मशीन आहे, मोजायचं न्हाई?"

"नाही."

"मग तुम्ही तरी काय शिकलाय," तो म्हणाला, पण रागाने नव्हे. चपला पायात सरकवून तो निघून गेला.

त्या दुपारी ऋतुजा कँटीनमध्ये मयूरीसमोर जाऊन बसली. मयूरीने चहाचा कप स्वतःकडे ओढून घेतला, जणू तो कोणी उचलून नेणार होतं.

"नवनाथ आला होता."

"माहितीये. बघितला मी त्याला. रडला असेल."

"नाही रडला. मयू, त्याला खरंच उतरता येत नव्हतं. मास्कची सवलत मी काढायला लावली. मी. का ते वर्गात सांगितलंय."

"पंच्याचं सांगितलंस. पटलं मला." मयूरीने मान वर केली. "पण आक्का, तू त्याची बाजू घेणारच. त्याची बाजू म्हणजे तुझीच बाजू. सासूबाई म्हणतात, उभा ऱ्हायला, आन् माझं पोरगं मरताना बगत ऱ्हायला. तू म्हणतेस, मेंदू. कुणाचं खरं मानू मी? दहा वर्षं एका ताटात जेवलेत दोघं. प्रशांतने त्याच्या बहिणीच्या लग्नात वाढपी होऊन पंगती उठवल्यात. एवढं सगळं तुझ्या त्या टोपीने एका दुपारी पुसलं?"

"पुसलं नाही. त्याच्यावर बसलं."

"तेच मला बघायचंय. माझ्यावर बसतंय का." तिचा आवाज खाली आला. "मला तास दे. मग टाकीपाशी उभी कर. माझा पाय उचलला, तर त्याचाही उचलला असता. मग मी सही करणार. नाही उचलला तर नाही करणार. सासूबाईंना काय सांगायचं ते माझं मी बघेन."

"हा काही न्यायनिवाडा करायचा प्रकार नाही, मयू."

"मग दुसरा सांग."

ऋतुजाने तासाचं वेळापत्रक काढून तिच्यासमोर सरकवलं.

"तू घेतलास का गं हा तास?" मयूरीने उठता उठता विचारलं.

"शिकवणाऱ्यांना देत नाहीत. आम्हाला सरावाच्या टाकीत रोज उतरावं लागतं."

"बरंय," मयूरी म्हणाली.

तासाच्या दिवशी मयूरी खाटेवर आडवी झाली तेव्हा ती लहानपणी ताप आल्यावर झोपायची तशी, एक हात गालाखाली घेऊन, वळली. ऋतुजाने तिला सरळ केलं आणि टोप बसवला. केसांना तेल लावलेलं होतं. पट्टा घसरत होता.

टोपाची कळ तिच्या बोटाखाली होती. ती न दाबताही बाकी सगळं तसंच चालू राहिलं असतं. चष्म्यातलं दिसलं असतं, वास आला असता, झोप लागली असती, आणि मयूरी उठली असती ती आहे तशीच. उद्या कोणी आत पडलं तर धावेल अशी. आपल्या बहिणीच्या डोक्यात आपल्या हाताने भीती भरायची, ही गोष्ट ऋतुजाला वर्गातल्या कुणाच्याही बाबतीत कधी जड गेली नव्हती. ते आठवून तिला स्वतःचीच लाज वाटली. पण कळ दाबली नाही तर परीक्षेत मयूरी शिडी उतरणार, बाहेर येणार आणि नवनाथच्या विरुद्ध सही करणार. एका खोट्या तासावर एक माणूस तुरुंगात जाईल. आणि दुसरंही होतं: आहे तशीच राहिलेली मयूरी कधीतरी खऱ्या टाकीत उतरेल.

"सुरू कर की," मयूरी डोळे मिटूनच म्हणाली. "मन घट्ट करतेयस का?"

ऋतुजाने कळ दाबली.

परीक्षा कॉलेजच्या मागच्या मैदानात होई. तिथे जमिनीत अर्धी पुरलेली जुनी टाकी होती. आत हवा खेळती ठेवणारा पंखा होता, गॅसमापक होता, आणि बादलीत थोडंसं रसायन ठेवून तो वास तयार करत. नाकाला कळावा एवढाच, अपाय होणार नाही इतका. तळाशी भुसा भरलेला बाहुला पडलेला असे. उमेदवाराने आत बघायचं, इशाऱ्याचं बटण दाबायचं, दोर टाकायचा आणि जागेवर राहायचं. एवढं केलं की उत्तीर्ण.

मयूरीने आत डोकावून बघितलं आणि मागे वळली.

"हा बाहुला आहे."

"परीक्षेला बाहुलाच असतो," कुंभार सर म्हणाले. मापक त्यांच्या हातात होता.

"भुशासाठी कोण जीव देतंय, सर? आक्का, तू उतर."

कुंभार सरांनी ऋतुजाकडे पाहिलं. "नियमात नाही, मॅडम."

"हवा तपासा," ऋतुजा म्हणाली. "आणि पंखा बंद करू नका."

ती शिडी उतरली. बाहुला ओढून कडेला केला आणि त्याच्या जागी पालथी पडली, एक गाल थंड पत्र्याला टेकवून. वास होताच, तिच्या ओळखीचा, रोजचा. मान थोडी वळवली की वर प्रकाशाचा गोल दिसत होता आणि त्यात मयूरीचं डोकं, काळं.

बटण दाबलं गेलं. भोंगा वाजला. दोर सळसळत आला आणि तिच्या पाठीवर पडला. सगळं बरोबर. इथेच परीक्षा संपत होती. ऋतुजाने उठून बसायचं तेवढं बाकी होतं.

ती उठली नाही.

"आक्का," वरून हाक आली. मग मोठ्याने, "आक्का, दोर धर!"

ऋतुजाने डोळे अर्धवट मिटले. गोलात एक पाऊल आलं. मयूरीचं, पायात कॉलेजने दिलेला जड बूट. तो पहिल्या पायरीवर टेकला आणि लोखंडावर थडथडू लागला. शिडी तळापर्यंत हादरत होती. ऋतुजाला ती हादरणारी शिडी गालाखालच्या पत्र्यातून जाणवत होती. पाऊल उचललं गेलं, बाहेर गेलं, पुन्हा आत आलं, अधांतरी राहिलं.

"ताईऽऽ!" मयूरी ओरडली. लहानपणी विहिरीच्या काठावरून ती अशी ओरडायची; 'आक्का' म्हणायला लागण्याआधी.

ये, असं ऋतुजाच्या मनात आलं. तिला ते स्वतःलाच ऐकू आलं, एवढं स्पष्ट. आयुष्यभर माणसांना थांबायला शिकवलेली ती बाई, स्वच्छ हवेत, काही धोका नसताना, तळाशी पडून आपल्या बहिणीची वाट बघत होती. ये. हे सगळं मोड आणि ये.

पाऊल निघून गेलं. गोल रिकामा झाला.

"मॅडम," कुंभार सरांचा आवाज आला, "झालं. या वर. त्या खाली बसल्यात."

ऋतुजा वर आली. मयूरी टाकीपासून काही अंतरावर, सुक्या गवतात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तिचे दात वाजत होते. ऋतुजा धावत गेली आणि तिने दोन्ही हात पसरले. मयूरी हातांवर रेटा देत झटकन मागे सरकली, कोणी निखारा टाकावा तशी.

"नको. जवळ नको येऊ. वास येतोय तुझ्या अंगाला."

ऋतुजा होती तिथेच थांबली. तिने अंगावरचा डगला काढून लांब फेकला. वास केसांतही होता. ती पुढे गेली नाही.

"आत हवा चांगली होती," मयूरी म्हणाली. "मला माहीत होतं. तू नाटक करतेयस, तेही माहीत होतं. तरी नाही आले."

"यायचंच नव्हतं, मयू. ते येऊ देत नाही."

"मला यायचं होतं की नव्हतं, तेच कळेना. घाबरले, एवढं कळलं. ती भीती माझीच वाटत होती. तुझ्या टोपीची नाही, माझी." तिने तोंडावरून हात फिरवला. "तू उठली का नाहीस? भोंगा वाजला की उठायचं असतं, असं वर्गात सांगितलं होतंस."

ऋतुजाला खोटं बोलता आलं असतं. पाय घसरला, पट्टा अडकला. पण ती म्हणाली, "तुझी वाट बघत होते."

कुंभार सर मापक बंद करून पाठमोरे उभे राहिले. मैदानाच्या पलीकडे पुढच्या उमेदवारांपैकी कोणीतरी काहीतरी बोललं आणि बाकीचे हसले.

"म्हणजे प्रशांतनेही वाट बघितली असेल," मयूरी म्हणाली.

तो वायू इतका वेळ देत नाही, हे ती शंभर वर्गांत बोलली होती. आता ते तोंडातून निघेना.

"सही नाही करणार मी." मयूरी उठायला लागली. पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदा जमलं. "पण आक्का, इतके दिवस त्याच्यावर राग होता, तर सकाळी उठता तरी येत होतं. आता सांग, कोणावर रागवू? तुझ्यावर? की त्या बाईवर, जी आत्ता तिथे उभी होती?"

"माझ्यावर रागव."

"ते एवढं सोपं असतं तर काय." तिने गवताच्या काड्या झटकल्या. "नवनाथच्या घरी जायला पाहिजे. एकटीने नाही जमणार. माझ्याबरोबर येशील?"

"येईन. चल, लगेच जाऊ." ऋतुजाने नकळत एक पाऊल टाकलं. मयूरीचं अंग पुन्हा आपोआप मागे गेलं.

"आज नको," मयूरी म्हणाली. "आज तू लांबच राहा."